वाचकांचे प्रश्न : थंडीतलं काँक्रीट आणि अँटिफ्रीझची टेस्ट

प्रश्न : आम्हाला उणे ५ अंशाच्या आसपास काँक्रीट टाकायचंय. सप्लायरने अँटिफ्रीझ ॲडमिक्स्चरसोबत (मिक्समधलं पाणी थंडीत गोठू नये म्हणून घालायचं औषध) टेस्ट रिपोर्ट दिलाय, त्यात २८ दिवसांची स्ट्रेंथ मस्त आहे. आमच्या लॅबने पण क्यूब (टेस्टसाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळे) डीप फ्रीजरमध्ये ठेवून ७ दिवसांनी फोडले, आकडे चांगले आले. सीनियर म्हणतात एवढं पुरे. खरंच पुरे आहे का?

उत्तर : नाही हो. आधी एवढंच सांगा, क्यूब फ्रीजरमधून काढल्यावर किती वेळाने मशीनमध्ये लावला? लगेच लावला असेल तर तो आकडा विसरा, कारण तुम्ही सिमेंट नाही, बर्फ फोडलाय. बर्फाची स्वतःचीच ताकद काही मेगापास्कल असते आणि थंडीत आपल्याला ज्याची वाट बघायची असते तो पहिला टप्पा पण साधारण ३.५ मेगापास्कलचाच असतो, म्हणजे कच्चं काँक्रीट नुसतं गोठलं तरी पास होऊन जाईल. गोठलेला चिखल दगडासारखा लागतो आणि वितळला की पाय आत जातो, तेच इथे. म्हणून क्यूब आधी पूर्ण वितळू द्यायचा, आणि वरून हात लावून नाही, एका जास्तीच्या क्यूबच्या मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) ठेवून बघायचं की आतलं तापमान शून्याच्या वर आलंय का. १५० मिलिमीटरच्या क्यूबला यात काही तास जातात. पण रात्रभर गरम खोलीत पण ठेवू नका, तेवढ्यात हायड्रेशन, म्हणजे सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया, पुढे सरकतं आणि ती फुकटची स्ट्रेंथ ॲडमिक्स्चरच्या खात्यात जमा होते. सगळ्या क्यूबना वितळायला वेळ सारखाच द्या.

दुसरं, तुमच्याकडे तुलनेला काय आहे? एक सेट ॲडमिक्स्चर घालून थंडीत, एक सेट ॲडमिक्स्चरशिवाय त्याच थंडीत, आणि एक ॲडमिक्स्चरशिवाय नेहमीच्या २० अंशाच्या आसपास, हे तीन तरी हवेतच. मधला सेट लोक हमखास गाळतात आणि मग कळतच नाही की काम औषधाने केलं की फ्रीजरच तेवढा थंड नव्हता.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थंडीतले ७ दिवस झाले की काही क्यूब बाहेर काढून पुढे २८ दिवस नॉर्मल क्युअरिंगला (नेहमीच्या तापमानात ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायला) ठेवा आणि मग फोडा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, सेटिंगच्या वेळी असं झालं तर पेस्ट आणि खडीची पकड सुटते, आणि नंतर कितीही क्युअरिंग केलं तरी अंतिम स्ट्रेंथ निम्म्यापर्यंत घसरू शकते. हे नुकसान ७ दिवसांच्या आकड्यात नीट दिसत नाही, इथे दिसतं. चीनच्या अँटिफ्रीझ स्टँडर्डमध्ये, जेसी ४७५ मध्ये, हीच रचना आहे, आधी ठरलेल्या उणे तापमानात ७ दिवस, मग नॉर्मलला २८ आणि ५६ दिवस. अमेरिकेच्या एएसटीएम सी १६२२ मध्ये पण क्यूब (त्यांच्याकडे सिलिंडर) उणे ५ ला ठेवून नॉर्मल काँक्रीटशी तुलना करतात. सप्लायरच्या रिपोर्टमधले २८ दिवस कुठल्या तापमानाचे आहेत ते बारीक अक्षरात शोधा, बहुतेक वेळा गोम तिथेच असते.

अजून एक फसवणूक आपली आपणच करतो. लॅबमध्ये २५ अंशाचं मिक्स करून फ्रीजरमध्ये ठेवलं तर त्याला आधीच पळायला सुरुवात मिळते, साइटवर मात्र मिक्स ५ ते १० अंशाचं येणार. तेव्हा खडी, वाळू, पाणी आधी थंड करून घ्या आणि मिक्सचं तापमान लिहून ठेवा. डोस पण नुसता सिमेंटच्या टक्क्यात बघू नका. गोठणबिंदू पाण्यात ॲडमिक्स्चरमधलं मीठ किती विरघळलंय त्यावर ठरतो, वाळू ओली आली आणि पाणी वाढलं की डोस तोच राहून संरक्षण कमी होतं. हायड्रेशनने पाणी खाल्लं जातं तसा उरलेला द्राव घट्ट होऊन गोठणबिंदू आपोआप खाली सरकतो, म्हणून सुरुवातीचा काळच सगळ्यात नाजूक. हे लॅबमध्ये बघायचं सोपं आहे, ताज्या मिक्समध्ये थर्मोकपल खुपसून हळूहळू थंड करा, तापमान उतरता उतरता एकदम किंचित वर उडी मारून थबकतं, बर्फ धरायला लागला तो तिथे.

स्ट्रेंथ जमली तरी बाकीचं बघाच. मिठात सोडियम-पोटॅशियम असेल तर खडी अल्कलीला रिॲक्टिव्ह आहे का, म्हणजे अल्कलीशी प्रक्रिया होऊन फुगते का, ते तपासा. क्लोराइड असेल तर सळई असलेल्या कामाला सरळ नाही म्हणा. स्लंप (ताज्या मिक्सचा सैलपणा) किती लवकर पडतो आणि एअर एंट्रेनिंग एजंटची (काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे भरणारं औषध) हवा टिकते का हे ट्रायल मिक्समध्येच कळतं, पंप अडकल्यावर नाही. आणि युरिया असलेलं असेल तर राहत्या इमारतीत नकोच, अल्कलीत त्याचा अमोनिया होऊन भिंतीतून वास येत राहतो. चीनमध्ये हा त्रास इतका झाला की २००१ साली ॲडमिक्स्चरमधून सुटणाऱ्या अमोनियावर ०.१० टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

प्रश्न : कॅल्शियम क्लोराइड म्हणजेच अँटिफ्रीझ ना? आणि गाडीचं कूलंट चालेल का?

उत्तर : दोन्हीला नाही. सिमेंटच्या २ टक्के कॅल्शियम क्लोराइडने गोठणबिंदू जेमतेम २ अंश उतरतो. ते ॲक्सिलरेटर आहे, सेटिंग लवकर करतं, गोठणं थांबवत नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही हे खरं, पण सिमेंटचं सेटिंगच लांबवतं, मग ओलं काँक्रीट घेऊन बसा.

प्रश्न : अँटिफ्रीझ टाकलंय, मग काँक्रीटवर उबेसाठी घातलेलं ब्लँकेट कधी काढायचं?

उत्तर : कॅलेंडर बघून नाही. साइटवरच, त्याच थंडीत ठेवलेले क्यूब वितळवून ३.५ मेगापास्कल दाखवले की एकदाचं गोठणं ते झेलू शकतं. पुढे ओलं राहून पुन्हा पुन्हा गोठणार-वितळणार असेल तर साधारण २४ मेगापास्कलपर्यंत थांबा, आणि हवा भरलेलं काँक्रीट हवंच. स्लॅबच्या कडा आणि कोपरे सगळ्यात आधी गार पडतात, तिथलं ब्लँकेट शेवटी काढा.