वाचकांचे प्रश्न : देश पायी पार करताना

प्रश्न : मी 58 वर्षांचा असून गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. आळंदी ते पंढरपूर पायी वारी आजवर नऊ वेळा केली आहे. कन्याकुमारीहून श्रीनगरपर्यंत देश एकदा पायी पार करावा, अशी फार दिवसांची इच्छा आहे. थंडीचे दिवस पाहून येत्या 1 डिसेंबरला निघावे, असे ठरवतो आहे. रोज किती चालावे, मुक्काम कुठे करावा, सामान किती घ्यावे? एकटाच जाणार असल्याने पत्नीला काळजी वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला संकल्प मोठा आहे आणि नऊ वाऱ्यांनंतर तो करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र निघण्याची तारीख आणि दिशा या दोन्ही गोष्टी आपण बदलाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 सुमारे 3,745 किलोमीटरचा आहे. आठवड्यातले सहा दिवस रोज 25 किलोमीटर आणि सातव्या दिवशी विश्रांती, या हिशेबाने त्याला 25 आठवडे लागतात. डिसेंबरच्या आरंभी कन्याकुमारी सोडली, तर दिल्ली एप्रिलच्या मध्याला येईल आणि पंजाब व जम्मूचे मैदान ऐन उन्हाळ्यात, डांबरावरून, चालावे लागेल. थंडीत निघायचे म्हणून आपण निघाल आणि प्रवासाचा सर्वांत थकलेला भाग वैशाखवणव्यात काढाल. महिनाभर आधी निघावे, तर तामिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो.

हाच प्रवास उलटा केला, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला श्रीनगरहून निघाले, तर हवामान बहुतेक सर्व वाटेवर आपल्या बाजूने राहते. काश्मीरमध्ये तेव्हा स्वच्छ ऊन आणि सुखद गारवा असतो. दिल्ली ऑक्टोबरअखेर, नागपूर डिसेंबरच्या मध्याला, हैदराबाद जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणि कन्याकुमारी मार्चच्या आरंभी येते. ग्वाल्हेर आणि झाशीकडची दाट धुकी सुरू होण्याआधी आपण तिथून पुढे गेलेले असता, आणि तामिळनाडूतला पाऊसही तोवर संपलेला असतो. या दिशेत एकच मोठी उणीव आहे : ऑक्टोबरात पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळल्याचा धूर असतो. त्या टप्प्यात चांगला मास्क वापरावा आणि धूर दाटलेला असेल त्या दिवशी चालणे थांबवावे.

सुरुवातीलाच डोंगर लागतात, म्हणून तयारी घरूनच व्हायला हवी. आपण साताऱ्याचे आहात. यवतेश्वरचा घाट आपल्या दारात आहे. पाठीवर पूर्ण वजन घेऊन आठवड्यातून तीनदा तो चढावा आणि, विशेषतः, उतरावा. कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. त्याआधी हृदय, रक्तदाब आणि साखर यांची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असल्यास पायांची संवेदना जरूर तपासून घ्यावी, कारण न जाणवलेली जखमच चिघळते.

वारीचा अनुभव इथे उपयोगी पडेल, पण अर्धाच. वारीत सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असते, पाण्याचा टँकर पुढे गेलेला असतो आणि पाय थकले तरी शेजारच्याचा अभंग आपल्याला ओढून नेतो. इथे हे काहीच नसेल. म्हणून पाण्यासह पाठीवर आठ किलोंपेक्षा अधिक वजन नको. दोन जोड कपडे, हलकी चादर, गरम जाकीट, औषधे, विजेरी आणि अंगावर चढवायचे चकाकते जाकीट एवढे पुरते. पहाडाचे गरम कपडे जम्मूला पोचल्यावर टपालाने घरी पाठवावेत.

बूट नेहमीच्या मापापेक्षा एका नंबरने मोठे घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालीने पाऊल सुजते. नवे बूट घालून मी एकदा परिक्रमेला निघालो होतो आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड घेऊन एका शाळेच्या ओसरीवर चार दिवस बसलो. त्यानंतर एक नियम मी कधी मोडला नाही : टाचेला नुसते चुरचुरले, तरी तिथल्या तिथे थांबायचे, मोजा काढायचा, पाऊल कोरडे करायचे आणि त्या जागी कागदी चिकटपट्टी लावायची. पुढच्या गावात पाहू म्हटले की फोड आलाच. दुपारी मोजे बदलावेत. ओले मोजे पिशवीच्या मागे टाचणीने लावले की चालता चालता वाळतात.

श्रीनगर-जम्मू वाटेवर दोन मोठे बोगदे आहेत आणि त्यांतून पायी जाण्याची सोय नाही. चनैनी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा टाळून पटनीटॉपच्या जुन्या रस्त्याने जाता येते; काझीगुंड-बनिहालचा बोगदा मात्र सरळ वाहनाने पार करावा आणि ते मनाला लावून घेऊ नये. नर्मदेच्या परिक्रमेतही सागरसंगमावर नावेतून पलीकडे जावे लागते, म्हणून परिक्रमा खंडित झाली असे कोणी मानत नाही.

रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे आणि जिथे जुना किंवा गावांमधला समांतर रस्ता असेल, तिथे महामार्ग सोडावा. खवासा ते मनसर हा पेंचच्या जंगलाचा टप्पा उजाडल्यावरच, आणि शक्यतो सोबतीने, चालावा. मुक्कामासाठी पंजाबात गुरुद्वारे आहेत. डोके झाकावे, तंबाखू जवळ नसावी आणि ओळखपत्र तयार ठेवावे. पुढे धर्मशाळा, मंदिरे आणि छोटी लॉज मिळत जातात, पण रात्रीची सोय दुपारी तीनच्या आत विचारून ठेवावी.

पत्नीची काळजी योग्य आहे आणि ती केवळ धीराच्या शब्दांनी जाणार नाही. बाहेरचे प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून पोस्टपेड घ्यावे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी मुक्कामाचे गाव कळवावे. आणि आग्रा, नागपूर, बंगळुरू इथे त्यांनी रेल्वेने येऊन दोन-दोन दिवस सोबत राहावे, असे आताच ठरवावे.

पहिल्या दिवशी पाय ओढ घेतील, तरी श्रीनगरहून केशराच्या शेतांसाठी प्रसिद्ध असलेल्या पांपोरपर्यंतच जावे. अवंतीपूरची प्राचीन मंदिरे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत.