वाचलेली बाजरी खरंच रोगप्रतिकारक?

प्रश्न : चाऱ्याच्या बाजरीची काही झाडं यंदा गोसावी रोगातून (केवडा) वाचली. त्यांचं बियाणं राखू का?

उत्तर : इतक्यात नको. रोग पोहोचलाच नाही म्हणूनही झाड वाचतं. त्यांचं थोडं बी कुंडीत पेरून, मुद्दाम रोग लावून खात्री करा. रोगट पानामागची रोगाची जुनी लव ओल्या कापसाने पुसा, पानं रात्रभर २० अंशांवर दमट डब्यात ठेवा. पहाटे ताजी पांढरी लव दिसेल. ती बर्फगार पाण्यातच उतरवा, नाहीतर तिच्यातले बीजाणू (रोग पसरवणारे सूक्ष्म कण) फवारणीआधीच फुटतात. कुंडीतले कोंब मातीवर येताच त्यांच्यावर ते पाणी फवारा. उशीर केला तर दोन-तीन पानांवर आलेलं, एरवी रोगाला बळी पडणारं रोपही तगतं आणि फसगत होते. फवारणीच्या रात्री २० अंश तापमान आणि ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता हवी. १४ दिवसांनी रोगट रोपांची मोजणी करा. शेजारी हमखास बळी पडणारा वाण हवाच. त्याची ९० टक्के रोपं रोगट झाली नाहीत, तर चाचणी बाद धरा.