पॉवरलाइन अडॅप्टरचं कनेक्शन रोज संध्याकाळी तुटतं. दोष अडॅप्टरचा की वायरिंगचा?

बहुतेक दोन्हींचा नाही. तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुमजली घरात हा अडॅप्टर लावून विजेच्या वायरिंगमधूनच इंटरनेट वर नेलंय, दिवसभर नीट चालतं, दिवेलागणीनंतर तुटायला लागतं आणि दुकानदार म्हणतो वायरिंग जुनं झालंय. वायरिंग जुनं असतं तर सकाळीही त्रास झाला असता. संध्याकाळी घरात काय सुरू होतं ते शोधा. एलईडी दिवे, चार्जर, बॅटरीचा इन्व्हर्टर, सगळ्यांत स्विचिंग सप्लाय असते, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून बदलणारं सर्किट, त्यातून वायरिंगमध्ये गोंगाट जातो आणि स्वस्त मालात फिल्टरचे भाग गाळलेले असतात. एकेक बंद करून बघा. अडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये लावला असेल तर आधी तिथून काढा.

‘वायरिंग जुनं झालंय’ हे वाक्य मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

तिथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघायचो. मालकांनी सँड प्लांट, मोल्डिंग, शॉट ब्लास्टिंग, कॉम्प्रेसर अशा प्रत्येक विभागाला त्याचा वापर मोजणारे सब-मीटर बसवले. चालू शॉपमध्ये केबलसाठी खोदाई परवडणार नव्हती, म्हणून रीडिंग पॉवर केबलमधूनच ३५ ते ९१ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात यायचं. तेव्हा रात्रीच्या युनिटला सवलत होती, त्यामुळे इंडक्शन भट्टी रात्री चालायची. भट्टी चढली की मीटर गप्प. हीट, म्हणजे धातू वितळवण्याची एक फेरी, संपली की परत बोलायला लागायचे.

मीटरवाले म्हणाले, केबल जुनी आहे. कन्सल्टंट म्हणाले, कपॅसिटर वाढवा, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) ०.९९ झाला की सगळं सुरळीत होईल. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे फक्त कामी आलेल्या नाही तर घेतलेल्या एकूण विजेवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की थेट पैसे जातात. त्यामुळे मालकांना ते पटलं. मी विरोध केला तेव्हा केबिनमध्ये सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, “मिस्त्री, पुस्तकं वाचून कारखाना चालत नाही.”

कपॅसिटर वाढले आणि दिवसाची रीडिंगही जायला लागली.

भट्टीच्या पॅनेलमधला सहा पल्सचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं सर्किट) पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या जादा लहरी सोडतो: २५०, ३५०, ५५०, ६५० हर्ट्झ. मीटरचा मोडेम, म्हणजे त्याचा सिग्नल पाठवणारा भाग, एवढ्या खालचं गाळून टाकतो. त्याला खरा त्रास होतो तो रेक्टिफायरमधले थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) कम्युटेट होताना, म्हणजे करंट एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, व्होल्टेजला पडणाऱ्या खाचांचा. प्रत्येक सायकलला सहा, म्हणजे सेकंदाला ३००, आणि प्रत्येक खाच वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत कचरा फेकते. ऑसिलोस्कोपवर त्या डोळ्यांनी मोजता येत होत्या.

दुसरा घाव कपॅसिटरचा. २५ केव्हीएआर क्षमतेची बँक, म्हणजे कपॅसिटरचा संच, ५० हर्ट्झला फेजमागे साधारण ७ ओहम अडथळा दाखवते. ५० किलोहर्ट्झला कागदावर त्याचा हजारावा भाग उरतो. जोडणीच्या वायरींमुळे तो थोडा वाढतो, तरी सिग्नल गिळायला पुरेसा कमीच. बारा माणसांच्या पंगतीत एकानेच पातेलं रिकामं करावं तसं ते कपॅसिटर करत होते. शिवाय बँक आणि ट्रान्सफॉर्मर यांचा रेझोनन्स, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला दोघं मिळून लहर फुगवतात ती जागा, पाचव्या हार्मोनिकजवळ आला. फ्यूज उडायचे, कपॅसिटरचे डबे हात लावता येणार नाही इतके तापायचे.

शेवटी बँकेच्या प्रत्येक स्टेपला (टप्प्याला) ७ टक्क्यांचा सिरीज रिॲक्टर, म्हणजे कपॅसिटरच्या वाटेत बसवलेली कॉइल, लागला. त्याने बँक १८९ हर्ट्झला ट्यून होते, पाचव्याच्या खाली, म्हणून रेझोनन्सचा धोका टळतो. आणि तोच रिॲक्टर ५० किलोहर्ट्झला ५० हर्ट्झच्या हजारपट अडवतो, त्यामुळे सिग्नल कपॅसिटरकडे वळायचा थांबला. रीडिंग परत आली, रात्रीचीसुद्धा. फक्त भट्टीच्या पॅनेलवरच्या मीटरला वेगळी आरएस-४८५ वायर (डेटाची स्वतंत्र केबल) ओढावी लागली.

पॉवर फॅक्टर चांगला म्हणजे वीज चांगली, ही समजूत कोल्हापूरच्या निम्म्या पॅनेलरूममध्ये बसलेली आहे आणि ती साफ चूक आहे. पॅनेलवरचे पॉवर फॅक्टर दाखवणारे बरेच रिले फक्त ५० हर्ट्झचा पॉवर फॅक्टर (कोसाइन फाय) दाखवतात, हार्मोनिक धरत नाहीत. करंटमध्ये ३० टक्के हार्मोनिक असतील तर डिस्प्लेवर १ दिसला तरी खरा पॉवर फॅक्टर ०.९६ च्या आसपास असतो. आयईईई ५१९ या हार्मोनिकच्या आंतरराष्ट्रीय मानकात १ केव्हीपर्यंत व्होल्टेजच्या एकूण हार्मोनिकला ८ टक्क्यांची मर्यादा दिली आहे. कपॅसिटर विकणाऱ्याला आधी तुमच्या बसबारवरचा (पॅनेलमधल्या मुख्य पट्टीवरचा) तो आकडा विचारा. मोजलेला नसेल तर ऑर्डर देऊ नका.

तुमच्या घराला यातलं सगळं लागू नाही. तुमचा अडॅप्टर २ मेगाहर्ट्झच्या वर काम करतो, तिथे भट्टीपेक्षा चार्जर जास्त छळतात. कनेक्शन तीन फेजचं असेल तर वरचं आणि खालचं सॉकेट वेगवेगळ्या फेजवर आहे का तेही वायरमनकडून बघून घ्या. एकाच फेजवर घेतलं तर बराच फरक पडतो. आणि बिल कमी करणारा म्हणून प्लगमध्ये लावायचा जो छोटा डबा विकतात, तो घरात असेल तर आजच काढा. त्यात कपॅसिटरच असतो. घरगुती बिल साध्या युनिटवर येतं, त्यामुळे त्याने एक रुपयाही वाचत नाही, आणि तुमचा सिग्नल मात्र खाल्ला जातो.