मेळाव्याच्या रांगेत प्रश्नावली वाटू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बेरोजगार तरुणांची ध्येयाभिमुखता, म्हणजे काम हाती घेताना मनात कोणता हेतू असतो ती वृत्ती, मोजणाऱ्या तुझ्या अभ्यासाचा मसुदा वाचला. विषय मोलाचा आहे, म्हणून स्पष्टच लिहिते.

त्यासाठी संशोधक वॅन्डेवॉल यांची 1997 ची मापनी निवडलीस, ते योग्य केलंस. शिकण्याची ओढ, कुवत दाखवून देण्याची धडपड आणि उघडे पडू या धास्तीनं अवघड काम टाळणं, असे तिचे तीन भाग. तू मात्र तिन्हींची बेरीज करून 'उच्च, मध्यम, कमी' असे गट पाडलेस. ती बेरीज आधी काढून टाक. एकाच मुलात शिकायची हौस भरपूर असते आणि चारचौघांत हसं होईल ही भीतीही. दोन्ही एका आकड्यात कोंबलं, तर हाती काहीच लागत नाही.

मूळ विधानं नोकरीतल्या माणसासाठी आहेत. वर्षभर घरी बसलेल्याला सहकाऱ्यांबद्दल विचारलं, तर तो मधल्या चौकटीत खूण करून मोकळा होईल. त्याच्या रोजच्या धडपडीतलं विचार. 'मुलाखत बिघडली, तर कुठे कमी पडलो ते मी शोधून काढतो.' 'नकार येईल असं वाटलं, तर मी अर्जच करत नाही.' विधानं बदललीस की विश्वसनीयताही, म्हणजे उत्तरं एकमेकांशी सुसंगत येतात का, नव्याने तपासावी लागेल, तिथे चालढकल नको.

आणि रोजगार मेळाव्याच्या रांगेत कागद वाटायचा बेत सोड. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल, नजर समोरच्या टेबलावर. हा कागद कंपनीकडेच जाणार, असं रांगेतल्या मुलाला वाटणारच. मग 'मी टाळतो' असं तो कशाला लिहील? त्यात तू वर नावाचा रकाना ठेवलायस! त्याजागी सांकेतिक क्रमांक दे. शेवटचा नकार कधी आला, तेही विचार. कालच नकार पचवलेला मुलगा आज वेगळं लिहू शकतो.

ही वृत्ती कपाळावर कोरलेली नसते. नेदरलँड्समध्ये व्हान होफ्ट आणि नॉर्दझेय यांनी 109 बेरोजगारांवर प्रयोग केला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. शिकण्यावर भर देणाऱ्या छोट्याशा प्रशिक्षणानं नोकरी शोधण्याचा इरादा वाढला, त्यातून शोध वाढला आणि आठ महिन्यांनी नोकरी मिळण्यावरही त्याचा परिणाम दिसला. म्हणून तुझ्या अहवालात कुणालाही 'ध्येयहीन' म्हणू नकोस. तो शब्द दोनदा आलाय, मला फार लागला.

आता पाच-सहा जणांना शेजारी बसवून विधानं मोठ्यानं वाचायला सांग. कुठे अडखळतात ते टिपून ठेव आणि मग नवा मसुदा पाठव.

तुझ्या
बाई