कॉम्बी बॉयलरचं प्रेशर पडतं आणि शॉवर लावला की रेडिएटर गार होतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून इंग्लंडमधल्या रेडिंगला येऊन दोन महिने झाले, भाड्याच्या घरात कॉम्बी बॉयलर आहे (एकाच पेटीतून हीटिंग आणि नळाचं गरम पाणी देणारा), कोणी अंघोळीला गेलं की रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारे भिंतीवरचे पत्रे, गार पडतात, आणि काल तर प्रेशरचा काटा ०.४ बारवर येऊन हीटिंगच बंद पडलं. घरात तान्हं बाळ आहे म्हणजे जीव टांगणीला लागणारच, पण पहिला प्रकार बिघाड नाहीच आणि दुसरा बहुतेक वेळा दहा मिनिटांचं काम असतं.

आधी हे समजून घ्या की त्या पेटीत दोन वेगळी पाणी फिरतात आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. रेडिएटरचं पाणी बंद पायपांत तेच ते फिरत असतं, वर्षानुवर्षं, बॉयलर तापवतो आणि पंप ढकलतो. नळाचं पाणी सरळ मेन्समधून, म्हणजे बाहेरच्या मुख्य पाइपातून येतं आणि आत एकावर एक रचलेल्या स्टीलच्या पातळ पत्र्यांमधून जाताना तापतं, पत्र्याच्या पलीकडून बॉयलरचं गरम पाणी जात असतं, म्हणजे इकडून तिकडे फक्त उष्णता जाते. तुम्ही गरम नळ उघडला की डायव्हर्टर व्हॉल्व्ह ते गरम पाणी रेडिएटरकडून वळवून या पत्र्यांकडे पाठवतो. नळ बंद केला की परत रेडिएटर. आपल्याकडच्या गॅस गीझरसारखंच, साठा काही नाही, लागेल तसं तापवायचं. म्हणूनच शॉवर चालू असताना किचनचा गरम नळ उघडू नका, २४ किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला साधारण १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो, आणि हिवाळ्यात मेन्सचं पाणीच इतकं गार येतं की ते दोन ठिकाणी पुरत नाही. (ज्यांच्या कपाटात मोठा सिलिंडर आहे त्यांचा हिशोब वेगळा, तो आपल्या बंबासारखा साठा करतो, आणि तो ६० अंशांच्या खाली ठेवायचा नाही, लिजिओनेला जंतूंमुळे.)

आता प्रेशर, म्हणजे रेडिएटरच्या त्या बंद पाण्याचा दाब. बॉयलर बंद करून गार होऊ द्या, मग खाली वाकून बघा, बहुतेक घरांत चंदेरी जाळीची एक छोटी नळी असते, दोन्ही टोकांना चावी, तोच फिलिंग लूप, त्यातून मेन्सचं पाणी रेडिएटरच्या पायपांत भरायचं. चाव्या हळू उघडा, सुर्रर्र आवाज येईल, काटा १.३ च्या आसपास आला की दोन्ही घट्ट बंद. एखादी उघडी राहिली तर प्रेशर चढतच जातं, तेवढं बघा.

पण हे वर्षातून एखाद-दोनदा ठीक. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर नुसतं भरत बसू नका, हे मी अनुभवातून सांगतोय. एका घरात मी अख्खा हिवाळा दर रविवारी पाणी भरलं, ताज्या पाण्याबरोबर दरवेळी नवा ऑक्सिजन आत गेला, रेडिएटर आतून गंजले, वर गरम आणि खाली मधोमध गार, हवा काढायला गेलो तर शाईसारखं काळं पाणी आलं. मूळ दुखणं निघालं एक्स्पान्शन व्हेसलचं. पाणी तापलं की फुगतं, त्या फुगण्याला जागा म्हणून रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते, ती हवा गेली होती. मग तापलं की काटा ३ वर, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून भिंतीबाहेरच्या तांब्याच्या पायपातून पाणी बाहेर, आणि सकाळी गार झाल्यावर काटा शून्यावर. बाहेरचा पाईप ठिबकतोय हे मी महिनोन्‌महिने बघत होतो आणि पावसाचं पाणी समजत होतो!

बॉयलरचं कव्हर मात्र स्वतः उघडू नका, ते काम गॅस सेफ रजिस्टरवरच्या (गॅसची कामं करायची अधिकृत नोंदणी) इंजिनिअरचंच, आणि भाड्याच्या घरात त्याला बोलावणं लँडलॉर्डचं काम आहे, वर्षातून एकदा गॅस तपासणी करून घेणं त्याला कायद्यानेच बंधनकारक आहे. बॉयलर ज्या खोलीत आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का तेही आजच बघा, इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून तोही लँडलॉर्डनेच बसवायचाय. बाळ आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

बिलासाठी एक, हीटिंगच्या पाण्याचं टेंपरेचर ७५-८० वर असेल तर ६० वर आणा. परत येणारं पाणी ५५ च्या खाली असलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते, कंडेन्सिंग बॉयलर म्हणतात तो त्यासाठीच. खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच.

आता पाणी भरल्यावर दोन आकडे लिहून ठेवा, सकाळी गार असताना काटा कुठे आणि तासभर हीटिंग चालल्यावर कुठे, आणि बाहेरचा पाईप कोरडा आहे का ते बघा. ते इथे टाका, गळती आहे की व्हेसल गेलंय ते त्यावरून बरंचसं कळेल.