अणुभट्टीच्या शेजारून गॅसवाहिनी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अणुऊर्जा प्रकल्पाजवळ गॅसवाहिनी फुटली, तर अणुबॉम्बसारखा स्फोट होईल का?

नाही. अशा प्रकल्पांच्या इंधनात विखंडनक्षम (म्हणजे अणू फुटून ऊर्जा देणाऱ्या) युरेनियमचे प्रमाण साधारण 5 टक्क्यांच्या आतच असते. त्यातून बॉम्ब होत नाही. खरी भीती आहे ती अणुभट्टी थंड ठेवण्याची व्यवस्था कोलमडण्याची. भट्टी बंद केली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते. बंद केल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या 6-7 टक्के असते आणि पुढे हळूहळू उतरते. तोवर पाणी फिरत राहिले पाहिजे, आणि पाणी फिरवायला वीज लागते.

प्रश्न : अणुभट्टीभोवती काही फूट जाडीची काँक्रीटची भिंत असते. गॅसच्या आगीने तिचे काय बिघडणार?

भिंतीचे बहुधा काहीच बिघडणार नाही. म्हणूनच चर्चा भिंतीपाशी थांबू नये, असे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

भिंतीबाहेर काय उभे आहे ते पाहा. बाहेरची वीज आत घेणारे स्विचयार्ड उघड्यावर असते. राखीव वीज देणाऱ्या जनरेटरांच्या डिझेलच्या टाक्या आहेत, नियंत्रण कक्षात हवा खेचणारी तोंडे आहेत. आणि माणसे आहेत, ज्यांना संकटाच्या वेळी आवारात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जावेच लागते. मोठ्या वाहिनीची आग स्विचयार्डजवळ लागली तर बाहेरची वीज जाईल. त्याच आगीची झळ डिझेलच्या व्यवस्थेलाही पोचली, तर राखीव वीजही जाईल. एकाच कारणाने दोन्ही आधार जाणे, हा अणुसुरक्षेतला सर्वांत वाईट प्रसंग. जपानमधल्या फुकुशिमा अणुऊर्जा प्रकल्पात 11 मार्च 2011 रोजी भूकंपाने बाहेरची वीज तोडली, त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि पुढे तीन अणुभट्ट्यांतले इंधन वितळले.

प्रश्न : मग किती अंतर सुरक्षित मानायचे?

सगळीकडे लागू पडेल असा एकच आकडा नाही. अमेरिकेत वाहिनीच्या धोक्याची त्रिज्या काढायला एक सोपे सूत्र वापरतात. दाबाचे (पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड) वर्गमूळ, गुणिले व्यास (इंचांत), गुणिले 0.69, उत्तर फुटांत. 42 इंची वाहिनी आणि 850 पीएसआय दाब धरला, तर त्रिज्या येते सुमारे 845 फूट. पण हे सूत्र वाहिनीजवळची माणसे आणि घरे डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले आहे. स्विचयार्ड किंवा डिझेलची टाकी त्या उष्णतेत किती वेळ टिकेल, याचा हिशेब वेगळा करावा लागतो. स्फोटाच्या दाबलाटेचाही वेगळा. तिथे अणु नियामक 1 पीएसआय ही मर्यादा धरतात.

प्रश्न : कंपन्या म्हणतात, वाहिनी फुटली की गॅस अडवणाऱ्या झडपा काही मिनिटांत बंद होतात. यावर विश्वास ठेवावा का?

सगळ्यांत जास्त खोलात जावे असा प्रश्न हाच आहे, कारण सगळे गणित या मिनिटांवर उभे असते.

न्यूयॉर्क राज्यातल्या इंडियन पॉइंट अणुऊर्जा प्रकल्पाचे उदाहरण घ्या. त्याच्या आवारातून 42 इंची गॅसवाहिनी नेण्याला 2015 मध्ये परवानगी मिळाली. ही वाहिनी अणुभट्ट्यांपासून दूर होती, पण प्रकल्पाच्या काही महत्त्वाच्या सुविधांपासून जेमतेम 105 फुटांवर. अणु नियामक आयोगाने धोका मान्य मर्यादेत असल्याचे सांगितले आणि परवानगी देणाऱ्या ऊर्जा आयोगाने त्यावर भिस्त ठेवली. त्या हिशेबात वाहिनी फुटल्यावर 3 मिनिटांत गॅस तोडला जाईल, असे गृहीत धरले होते. पॉल ब्लांच या अणुअभियंत्याने ते चूक आहे असे सतत सांगितले. फेब्रुवारी 2020 मध्ये अणु नियामक आयोगाच्याच महानिरीक्षक कार्यालयाने हे विश्लेषण सदोष ठरवले. मग नेमलेल्या तज्ज्ञ गटानेही काही गृहीतके फार आशावादी असल्याचे मान्य केले. मात्र वाहिनी फुटली तरी प्रकल्प सुरक्षित राहील, असाच निष्कर्ष काढला. तो चूक आहे, असे मी म्हणत नाही. पण हा फेरतपास वाहिनी सुरू होऊन काही वर्षे झाल्यावर झाला, हे मला गंभीर वाटते.

3 मिनिटे का पटत नाहीत? कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो इथे 9 सप्टेंबर 2010 रोजी 30 इंची वाहिनी फुटली. पाइपचा 28 फुटी तुकडा उडून सुमारे 100 फुटांवर पडला. 8 माणसे गेली, 38 घरे नष्ट झाली. गॅस तोडायला 95 मिनिटे लागली, कारण कर्मचाऱ्यांना गाडीने झडपांपर्यंत जाऊन त्या हाताने फिरवाव्या लागल्या. झडप स्वयंचलित असली तरी दाब का उतरला हे नियंत्रण कक्षातल्या माणसाला आधी ओळखावे लागते. झडप बंद झाल्यावरही दोन झडपांमध्ये, अनेकदा कित्येक मैलांत, अडकलेला गॅस जळतच राहतो. अमेरिकेच्या 2022 च्या नियमानेही नव्या मोठ्या वाहिन्यांना वाहिनी फुटल्याचे ओळखल्यापासून 30 मिनिटांची मुभा दिली आहे. अशा वाहिनीच्या परवानगीच्या सुनावणीत तुम्ही हेच विचारा : मिनिटे मोजायला सुरुवात कधीपासून केली, वाहिनी फुटल्यापासून की फुटल्याचे कळल्यापासून?

प्रश्न : वाहिनी खोल पुरली आणि वर काँक्रीट टाकले तर?

उपयोग होतो. खोदकामात यंत्राचा दात लागून वाहिनी फुटण्याचा धोका त्याने बराच घटतो. इंडियन पॉइंटमध्येही जाड पाइप आणि वर काँक्रीटच्या लाद्या वापरल्या. पण सॅन ब्रुनोची वाहिनी कुणाच्या खोदकामामुळे फुटली नव्हती. 1956 मध्ये बसवलेल्या पाइपच्या सांध्याचे वेल्डिंगच सदोष होते. अशा दोषावर लाद्यांचा इलाज नाही. तिथे वाहिनीची आतून तपासणी आणि दाबाची चाचणीच हवी.

प्रश्न : प्रकल्प बंद झाला की काळजी मिटली का?

बरीच घटते, संपत नाही. इंडियन पॉइंटची शेवटची भट्टी 30 एप्रिल 2021 रोजी बंद झाली, पण वापरलेले इंधन त्याच आवारात राहिले. ते पाण्याच्या टाकीत असेपर्यंत पंप आणि वीज लागते. पोलाद-काँक्रीटच्या बंद पिंपांत गेले की हवेनेच थंड राहते. तोवर पाडकाम सुरू होते, जड यंत्रे येतात, जमीन उकरली जाते, आणि वाहिनी त्याच दाबाने चालू असते. त्या काळात वाहिनीजवळच्या प्रत्येक खोदकामाला परवानगी कोण देणार आणि काम चालू असताना वाहिनीच्या कंपनीचा माणूस जागेवर उभा असणार का, हे पाडकामाच्या आराखड्यातच लिहून घ्यायला हवे.