शोधण्याआधी शब्द ठरव

प्रिय बाळ,

१९३०च्या सोलापूर मार्शल लॉवर प्रबंध लिहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. गूगलवर सगळीकडे तोच तो मजकूर येतो म्हणतेस. येणारच. तू आजच्या शब्दांत विचारतेस आणि तुला हवे ते कागद त्या काळच्या सरकारी इंग्रजीत आहेत.

तेव्हा इंग्रजीत आपलं गाव 'शोलापूर' होतं, स्पेलिंगमध्ये एसपुढे एच. १८८४चं जिल्हा गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, तोही त्याच नावाचा. नुसतं आजचं स्पेलिंग टाकलंस तर बरेच जुने कागद हाती लागणार नाहीत. त्या प्रकरणात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचंही तेच. त्यांतली धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन ही नावं इंग्रजीत ज्याने त्याने आपापल्या परीने लिहिली आहेत. म्हणून आधी वहीत प्रत्येक नावाची सुचतील तेवढी स्पेलिंग लिहून काढ. मग दोन रूपांमध्ये कॅपिटल अक्षरांत 'ओआर' घालून एकदम शोध. 'मार्शल लॉ' दुहेरी अवतरणचिन्हांत घाल, म्हणजे ते शब्द सलग असलेली पानंच वर येतील. आणि पूर्ण प्रश्न टाइप करू नकोस. 'का', 'कसे', 'माहिती' हे शब्द गाळून टाक; गाव, साल, माणूस एवढंच ठेव.

इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण पुष्कळांची शीर्षकं रोमन लिपीत नोंदलेली आहेत, तीही कशीबशी. स्कॅनमधली देवनागरी अक्षरं यंत्राला अनेकदा नीट वाचता येत नाहीत. तिथे शोध रिकामा आला म्हणून पुस्तक नाही असं समजू नकोस. 'गिरणी' रोमनमध्ये आरपुढे आय घालून, ए घालून, दोन्ही तऱ्हांनी बघ.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, मात्र वेगळी रीत. तिथे विषयाला जवळचा एकच चांगला प्रबंध सापडला तरी पुरे. त्याची संदर्भसूची आधी वाच. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून केलेला शोध तिथे आयता मिळतो, आणि कुठल्या अभिलेखागारात कुठली फाइल आहे तेही कळतं. मला विचारशील तर शोधपेटीपेक्षा माझा या सूचीवर जास्त भरवसा आहे.

कुठे, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेला शोधलंस, तेही वहीत टिपत जा. काही मिळालं नाही तरी टीप.

स्पेलिंगची यादी झाली की पाठव. कानडी आणि तेलुगू आडनावं आपण दोघं मिळून तपासू, तिथे फार घोळ असतो.

तुझा,
काका